देवगिरी : मिठाची पोती आणि एक पै

फाल्गुन वद्य षष्ठीला महाराष्ट्रातील भाविक जन ‘नाथषष्ठी’ म्हणतात. त्या दिवशी श्रीक्षेत्र पैठण येथे गोदातीरी दिंड्या-पताकांची दाटी होते, टाळमृदंगांच्या घोषाने दाही दिशा भरून जातात आणि अष्टमीचा काला होईपर्यंत सारे क्षेत्र नाथमय होऊन राहते. संप्रदायात या तिथीला ‘पंचपर्वा षष्ठी’ असेही नाव आहे. सद्गुरू श्रीजनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना लाभलेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, त्यांची व श्रीएकनाथ महाराजांची प्रथम भेट, स्वामींचे निर्याण आणि नाथांची जलसमाधी, अशी पाच पर्वे या एकाच तिथीस घडली, अशी परंपरेची श्रद्धा आहे.

या पाचांपैकी गुरुशिष्यांच्या भेटीचे पर्व पैठणात घडले नाही. ते घडले तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या देवगिरीच्या किल्ल्यात. नाथांना सद्गुरू भेटले ते एखाद्या आश्रमात नव्हे, मठात नव्हे, तर तोफा, दारूगोळा, धान्याची कोठारे आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्या सान्निध्यात. कारण श्रीजनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते. ज्या घरांत आज नाथांची आरती होईल, त्या घरांतील मंडळींना हा किल्ला कोणता, त्याने काय काय पाहिले आणि नाथांचे त्याच्याशी नाते काय, हे ठाऊक असावे, म्हणून आजच्या पर्वानिमित्त हा लेखनप्रपंच.

कीर्तनात आम्ही पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावून तो श्रोत्यांच्या पदरात घालतो. देवगिरीच्या बाबतीत पूर्वरंग आणि उत्तररंग हे दोन्ही त्या किल्ल्यानेच लिहून ठेवले आहेत. एकाचा विषय आहे मिठाची पोती, दुसऱ्याचा विषय आहे एक पै.

दुर्गाचे लक्षण

जेथे जाणे कष्टाचे, तो दुर्ग. आपल्या राजनीतिशास्त्राने राज्याची सात अंगे सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. मनुस्मृतीने दुर्गांचे सहा प्रकार सांगून त्यांत गिरिदुर्गाला श्रेष्ठत्व दिले आहे. मात्र एवढ्यावर न थांबता दुर्गात काय काय साठवून ठेवावे, तेही तेथे सांगितले आहे. शस्त्रे, द्रव्य, धान्य, वाहने, कारागीर, यंत्रे, वैरण आणि पाणी यांनी दुर्ग परिपूर्ण असावा, असा त्या वचनाचा आशय आहे. वाचकांनी यातील ‘धान्य’ हा शब्द मनात धरून ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

देवगिरीचा डोंगर सपाट मैदानातून एकाएकी उठतो. त्याची उंची सुमारे साडेसहाशे फूट आणि आकार शंकूसारखा. त्याचा पायथ्याकडील भाग माणसांनी छिन्नी-हातोड्याने असा तासून काढला आहे, की चहूबाजूंनी सुमारे दीडशे फुटांचा उभा कडा तयार झाला. पाल चढेल तर चढेल, माणसाची छाती नाही. त्या कड्याच्या पायाशी खडकातच खोदलेला खंदक आणि त्यावर एक अरुंद पूल. पूल ओलांडला की पुढे ‘अंधारी’ नावाचा खडकात कोरलेला भुयारी मार्ग लागतो. वाट वळणावळणाची, पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या आणि काळोख असा, की आपलाच हात आपणास दिसू नये. भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण होते. त्यावर निखारे पेटवून भुयारात धूर कोंडण्याची योजना होती, असे सांगतात. बाहेरच्या बाजूस अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे एकाआड एक तट आहेत. हे सर्व एका काळचे काम नव्हे. यादवांनी आरंभ केला आणि पुढील प्रत्येक सत्तेने त्यात भर घातली. पाण्याचीही वाण नव्हती. हत्ती हौद नावाचे सुमारे दीडशे फूट लांब-रुंद आणि वीस फुटांहून अधिक खोल असे चिरेबंदी टाके आजही महाकोटाच्या आत आहे.

सारांश, दुर्गलक्षणांत या किल्ल्याला नाव ठेवण्यास जागा नाही. तरीही तो पडला. एकदा नव्हे, अनेकदा पडला. तो का पडला, हाच आमच्या पूर्वरंगाचा विषय आहे.

यादवांचे वैभव

यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास देवगिरी येथे आपली राजधानी वसविली. पुढील सव्वाशे वर्षांत या डोंगराच्या छायेत जे घडले, त्याचे ऋण आज आपल्या देवघरापर्यंत पोहोचले आहे. सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. श्रुती, स्वर, ताल यांविषयी भारतात कोठेही शास्त्रार्थ निघाला, की या ग्रंथाचा दाखला द्यावाच लागतो. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. विद्येचा मान ठेवणारा राजा मिळाला म्हणून ते दक्षिणेत स्थिरावले. याच सिंघणाच्या दरबारी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला; तेथील शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

महादेव आणि रामचंद्र या राजांच्या कारकीर्दीत हेमाद्री पंडित हा श्रीकरणाधिप होता. श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या लेखनकचेरीचा प्रमुख. सनदा, नोंदी आणि हिशेब यांवर ज्याची नजर असे तो अधिकारी. आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो आणि दगडावर दगड बसवून बांधलेल्या प्रत्येक जुन्या देवळाशी ज्याचे नाव जोडतो, तो हाच. मोडी लिपीचा प्रसार त्यानेच केला, अशी जुनी समजूत आहे. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा महासागर आहे. आज आपल्या घरी एखादे व्रत कोणत्या तिथीस, कोणत्या विधीने करावे असा प्रश्न पडला आणि गुरुजींनी पोथी उघडली, तर त्या उत्तराच्या मुळाशी पुष्कळदा हेमाद्रीच असतो. त्याच्याच आश्रयास राहून बोपदेवाने भागवतावर ‘मुक्ताफल’ आणि ‘हरिलीला’ हे ग्रंथ रचले. बोपदेवाचे ‘मुग्धबोध’ व्याकरण तर दूर बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पढविले गेले.

पंढरपूरच्या श्रीविठ्ठलमंदिरात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणून प्रसिद्ध असलेला लेख आहे. १२७३ ते १२७७ या वर्षांत देवालयास आलेल्या देणग्यांची नोंद त्यात कोरलेली असून राजा रामचंद्राचे नावही त्यात आहे. देवाला काय वाहिले, याचा हिशेब दगडावर कोरून ठेवणारी ही राजवट होती! आणि १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वर माउलींनी भगवद्गीतेवरील टीका सिद्ध केली, तेव्हा ग्रंथाच्या उपसंहारात त्यांनीही याच यादव रामचंद्राचा गौरवाने उल्लेख केला.

इतकी विद्या, इतके वैभव, इतकी चोख लेखनव्यवस्था! आणि ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यावर अवघ्या सहा वर्षांत तो काळा दिवस उगवला.

मिठाची पोती

१२९६ साली कडा-माणिकपूरचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन, आपला खरा बेत लपवीत, विंध्य आणि सातपुडा ओलांडून देवगिरीवर चालून आला. यादवांचे मुख्य सैन्य त्या वेळी युवराजासमवेत दूर गेले होते. राजाला सुगावा लागला तो शत्रू दाराशी आल्यावर. हाताशी होते तेवढे सैन्य घेऊन रामचंद्राने सामना दिला आणि मग तो किल्ल्यात शिरला. खालचे नगर लुटले गेले.

तवारिखकारांनी या प्रसंगाची एक कथा सांगितली आहे. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचा तांडा त्या वेळी नगराबाहेर उतरला होता. शत्रू आला असे कळताच व्यापारी माल टाकून पळाले. त्यांची हजारो पोती किल्ल्यातील लोकांनी घाईघाईने आत ओढली. धान्याची सोय झाली, आता वेढा कितीही दिवस चालो, अशा विश्वासाने सर्व निश्चिंत झाले. इकडे युवराज सैन्यासह परतला. त्याने अल्लाउद्दीनाशी निकराची लढाई दिली, विजयाची आशा दिसू लागली आणि तेवढ्यात दुरून धुळीचा लोट उठला. तो अल्लाउद्दीनाच्याच राखीव तुकडीचा होता. परंतु दिल्लीची मोठी फौज येऊन पोहोचली असे वाटून यादवांच्या सैन्यात पळापळ झाली.

तरीही किल्ला शाबूत होता. कडा उभा होता. आणि मग भुकेच्या वेळी ती पोती उघडली गेली. त्यांत धान्य नव्हते, मीठ होते!

राजाला तह करावा लागला. अपरिमित सोने, मोती, रत्ने देवगिरीतून गेली. वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. ज्या दरबारात देवाच्या देणगीची नोंद दगडावर होत होती, त्या दरबाराच्या किल्ल्यात आणलेल्या पोत्यांपैकी एकाचेही तोंड वेळेवर कोणी सोडून पाहिले नाही. हाताने दाबून पाहिले असते तरी कळले असते. चिमूटभर जिभेवर ठेवले असते तरी कळले असते. शत्रूने कडा चढला नाही, खंदक ओलांडला नाही. जी चौकशी एखादी गृहिणी वाण्याचे सामान घरात घेताना करते, तेवढी चौकशी राहून गेली, आणि एका राज्याचा कणा मोडला. हाच आमच्या पूर्वरंगाचा सिद्धान्त होय : दुर्ग दगडाने राहत नाही, तो राखणाऱ्याच्या जागेपणाने राहतो.

नावे बदलली, कामे बदलली

पुढे १३०७ साली मलिक काफूर रामचंद्राला दिल्लीस घेऊन गेला. मांडलिक म्हणून राजा सन्मानाने परत आला. त्याच्या मागून शंकरदेवाने मान वर केली, तो मारला गेला. १३१८ च्या सुमारास हरपालदेवाचा क्रूर वध झाला आणि यादवांची सत्ता संपली. त्याच वर्षाच्या आसपास कोटाच्या आत भव्य मशीद उभी राहिली. तिच्यात जुन्या देवळांचे खांब वापरलेले आहेत.

१३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे आणली आणि देवगिरीला ‘दौलताबाद’ असे नाव दिले. दिल्लीकरांना आपली घरेदारे सोडून शेकडो कोसांची वाट तुडवावी लागली. काही वर्षांत बेत फसला आणि राजधानी पुन्हा दिल्लीस गेली. ‘देव’ जाऊन ‘दौलत’ आली, तीही टिकली नाही. १३४२ साली दिल्लीहून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता वाटेत येथे आला. त्याने या किल्ल्याचे वर्णन केले आहे ते बंदीखाना म्हणून. मोठमोठ्या अपराध्यांना येथील तळघरांत टाकीत आणि तेथे मांजरांहूनही मोठे उंदीर असत, असे तो लिहितो. जेथे ‘संगीतरत्नाकर’ रचला गेला, तेथे सुमारे शंभर वर्षांत बंदिवानांचा आक्रोश ऐकू येऊ लागला!

१३४७ साली दक्षिणेतील सरदारांनी बंड करून याच ठिकाणी बहामनी राज्याचा पहिला सुलतान गादीवर बसविला. त्याने लवकरच राजधानी गुलबर्ग्यास नेली. मग देवगिरी हा सरहद्दीवरचा लष्करी तळ झाला. १४४५ साली विजयाची खूण म्हणून येथे चार मजली चाँद मिनार उभारला गेला. १४९९ साली किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. राजधानी, बंदीखाना, राज्यारोहणाचे स्थान, छावणी! दोनशे वर्षांत या एका डोंगराने इतकी कामे केली. आणि यानंतर त्याच्या वाट्यास जे काम आले, ते कोणत्याही दुर्गशास्त्रात सांगितलेले नाही. तो गुरुकुल झाला.

एका पैची रात्र

चाळीसगावच्या देशपांडे घराण्यात शके १४२६ मध्ये श्रीजनार्दनस्वामींचा जन्म झाला. निजामशाहीच्या चाकरीत ते देवगिरीचे किल्लेदार झाले. बाहेर शिलेदार, आत योगी, असे त्यांचे जीवन होते. दर गुरुवारी ते दत्तचिंतनात राहत आणि त्यांच्याविषयीच्या आदरामुळे त्या दिवशी किल्ल्यावरील कचेरीचे काम बंद असे, असे परंपरा सांगते. धन्याचा धर्म निराळा, चाकराची उपासना निराळी. पण चाकरी चोख असल्यामुळे धन्याने उपासनेचा मान राखला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अशा या किल्लेदाराकडे पैठणचा एक बारा वर्षांचा मुलगा घरी कोणालाही न सांगता, मजल दरमजल करीत आला. लहानपणीच आईबाप गेलेले, आजोबांनी वाढविलेले हे पोर. शिवालयात झालेल्या आकाशवाणीने त्याला देवगडचा मार्ग दाखविला होता, असे चरित्रकार सांगतात. स्वामींनी त्याला ठेवून घेतले. मंत्र लगेच दिला नाही, काम दिले. पूजेची तयारी, घरची सेवा आणि कचेरीतील हिशेब. ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘अमृतानुभव’ यांचे पाठ चालत, तेही कामे उरकल्यावर. सुमारे सहा वर्षे हा क्रम चालला.

एके दिवशी हिशेबात एका पैचा फरक आला. दुसरा एखादा कारकून असता, तर आपल्या खिशातील पै घालून मोकळा झाला असता. एकनाथांनी दिवा लावला, वह्या पुढ्यात घेतल्या आणि जमेची व खर्चाची प्रत्येक कलम ते पुन्हा ताडून पाहू लागले. रात्रीचे प्रहर उलटले. तहान नाही, भूक नाही, झोप नाही. उत्तररात्री चूक सापडली आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजविली! टाळीच्या आवाजाने स्वामी जागे होऊन आले. कारण कळताच त्यांनी शिष्याला जवळ घेतले. एका पैची चूक सापडल्याने तुला एवढा आनंद झाला. मग या संसाराच्या हिशेबात जी मोठी चूक पडली आहे, ती सापडली तर केवढा आनंद होईल, असे ते म्हणाले. ज्या एकाग्रतेने वही पाहिलीस, त्याच एकाग्रतेने भगवंताकडे पाहा, हा त्याचा अर्थ.

ही कथा आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो आहोत. श्रोते टाळीला टाळी देतात आणि गहिवरतात. परंतु ही कथा ज्या जागी घडली, त्या जागेचे स्मरण ठेवून ती ऐकली, म्हणजे तिचा खरा रंग कळतो. अडीचशे वर्षांपूर्वी याच किल्ल्यात हजारो पोत्यांपैकी एकही कोणी उघडून पाहिले नव्हते. आणि आता त्याच किल्ल्यात एका पैसाठी एक मुलगा रात्रभर जागला. पूर्वीच्या चुकीचे प्रायश्चित्त त्या दगडांनी जणू त्या रात्री घेतले.

दुसराही प्रसंग प्रसिद्ध आहे. स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूंची समाधी मोडू नये म्हणून एकनाथांनी त्यांचेच चिलखत अंगावर चढविले, त्यांच्याच घोड्यावर स्वार होऊन ते लढले आणि शत्रूला परतवून पुन्हा सेवेला हजर झाले. स्वामींना हे मागाहून कळले. पुढे स्वामींनी त्यांना दत्तदर्शन घडविले. दत्तप्रभू आले ते मलंग फकिराच्या वेशात, आणि एकनाथांना तो वेश ओळखता आला नाही, असेही चरित्रात येते. वेशाच्या आत पाहण्याचा हा पाठ त्यांना मिळाला तो मिनार आणि मशीद ज्याच्या कोटात उभी आहेत, अशा किल्ल्याच्या परिसरात, हेही अर्थपूर्णच म्हटले पाहिजे. जवळच्याच शूलिभंजन पर्वतावर तप करून आणि तीर्थयात्रा आटोपून नाथ पैठणास आले व गृहस्थाश्रमी झाले.

त्या रात्रीची पै पुढे किती मोठी झाली, ते पाहावे. अडीचशे-तीनशे वर्षांत हस्तलिखितांच्या नकलानकलांतून ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. नाथांनी जुन्या प्रती मिळविल्या, ओवी ओवी ताडून पाहिली आणि शके १५०६ म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथातील एकेक अक्षर ताडण्याची ही दृष्टी देवगिरीच्या हिशेबाच्या वहीवर घडली होती. यादव रामचंद्राचे नाव ज्या ग्रंथाने अमर केले, तो ग्रंथ त्याच रामचंद्राच्या किल्ल्यात तयार झालेल्या शिष्याने शुद्ध करून आपल्या हाती दिला. वर्तुळ पुरे होणे म्हणतात ते हेच.

नंतरची तीन शतके

नाथांनंतर किल्ल्याची चक्रे पुन्हा फिरू लागली. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने निजामशाहीचा कारभार येथून चालविला आणि १६१० साली जवळच खडकी हे नगर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२९ साली याच किल्ल्यातील दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांचे पुत्र यांची विश्वासघाताने हत्या झाली. सिंदखेडचे जाधव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणविले जातात आणि लखुजी हे जिजाऊसाहेबांचे पिता. यादवांच्या किल्ल्यात यादववंशीयाचे रक्त सांडले, आणि त्यानंतर चारच वर्षांत, १६३३ साली, महाबतखानाच्या वेढ्यापुढे किल्ला मोगलांच्या हाती गेला. या खेपेसही बाहेर सुरुंग होते आणि आत अन्नाचे हाल होते. धान्याने पुन्हा एकदा दगडाला हरविले.

१६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तेथील शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला या किल्ल्यातील चिनी महालात कैदेत ठेवले. सुमारे बारा वर्षांनी तो तेथेच वारला. भद्राचल रामदासांची कथा वाचकांना ठाऊक असेल. सरकारी वसुलाच्या पैशांतून रामरायाचे मंदिर बांधले म्हणून त्यांना गोवळकोंड्यास ज्याने बंदीत टाकले आणि ज्याची रक्कम प्रत्यक्ष प्रभूने फेडली असे भाविक मानतात, तोच हा तानाशाह. दुसऱ्यावर दार लावणाऱ्यावर एक दिवस दार लागते, हे चिनी महालाच्या भिंतीकडे पाहून कळते. त्या महालाजवळच्या बुरुजावर मागील टोकास मेंढ्याचे तोंड असलेली प्रचंड तोफ आजही पडून आहे. तिचा आवाज बंद होऊन किती पिढ्या लोटल्या!

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर किल्ला काही काळ मराठ्यांकडे आला. पुढे तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर कोटातील जुन्या मशिदीच्या वास्तूत भारतमातेची मूर्ती स्थापन झाली आणि ती जागा भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली. आज किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिकीट काढून सहली येतात, वेरूळच्या वाटेवरील प्रवासी थांबतात. पूर्वी जेथे शत्रूचे पाऊल अडत असे, त्या अंधारीत आता वटवाघळे आणि मुलांचा कलकलाट असतो. आणि वर, शिखराच्या अंगास, एका गुहेत श्रीजनार्दनस्वामींचे स्थान आहे. तेथे भाविक अद्याप जातात, दिवा लावतात, क्षणभर बसतात.

जमाखर्च

आता आपणही देवगिरीचा जमाखर्च मांडून पाहू. खर्चाच्या बाजूस यादवांचे सोने, तुघलकाचा हट्ट, बहामनींचा विजय, निजामशाहीची राजधानी, मोगलांचे बादशाही महाल. यांपैकी आज हाती काय उरले? पडक्या भिंती. जमेच्या बाजूस पाहावे तर शार्ङ्गदेवाचे स्वर, हेमाद्रीची व्रते, बोपदेवाचे भागवतप्रेम आणि एका शिष्याची ती जागरणाची रात्र. हे सारे अद्याप चालू खात्यावर आहे. या किल्ल्यावर अनेकांनी राज्य केले, परंतु त्यांची नावे परीक्षेपुरती पाठ केली जातात. ज्या किल्लेदाराकडे मालकी कधीच नव्हती, नुसती राखण होती, त्याचे नाव मात्र घरोघर रोज घेतले जाते. नाथांच्या अभंगाच्या शेवटी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते, तेव्हा आपण देवगिरीच्या किल्लेदारालाच वंदन करीत असतो. सप्तांगांत ‘स्वामी’ हे पहिले अंग का, ते येथे उमगते.

एक विनंती मात्र केल्यावाचून राहवत नाही. किल्ला ही सुद्धा एक वहीच आहे. देवळाचा खांब ही तिच्यातली एक नोंद, मशिदीची कमान ही एक नोंद, मिनार ही एक, स्वामींची गुहा ही एक. काही नोंदी वाचून अभिमान वाटतो, काही वाचून काळीज चिरते. परंतु प्रामाणिक हिशेबनीस वहीत खाडाखोड करीत नाही. न आवडणारी कलमही तो जशीच्या तशी ठेवतो, कारण ती पुसली तर चूक सापडणारच नाही. या भिंतींवर खिळ्याने आपली नावे कोरणारे, स्वामींच्या गुहेच्या वाटेवर खाद्यपदार्थांची वेष्टने टाकणारे, आणि अमुक दगड आपला, तमुक परका म्हणून त्याकडे पाठ फिरविणारे, हे सर्व त्या वहीची पाने फाडीत आहेत. ज्याच्या शिष्याने एक पै वाया जाऊ दिली नाही, त्या गुरूच्या स्थानी जाताना एवढे भान आपण राखलेच पाहिजे.

ज्यांना पैठणास जाणे घडेल, त्यांनी नाथांच्या समाधीपुढे नतमस्तक व्हावे; ज्यांच्या पायांत बळ आहे, त्यांनी एखाद्या गुरुवारी देवगिरी चढून स्वामींना दंडवत घालावा. ज्यांना घर सोडवत नाही, त्यांनी आज सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर आपल्या दिवसाची वही उघडावी. आपण घरात, मनात, मुलांच्या कानांत जी पोती भरभरून आणून ठेवतो आहोत, त्यांत धान्य आहे की मीठ, हे भुकेची वेळ येण्याआधी एकदा तोंड सोडून पाहावे. आणि कोठे एका पैची चूक सापडलीच, तर वाईट वाटून घेऊ नये. नाथांसारखी आनंदाने टाळी वाजवावी. ती टाळी ऐकून सद्गुरू जागे होऊन येतात, हा देवगिरीचा अनुभव आहे.

श्रीएकनाथ महाराज की जय!